कारखान्यातील प्रक्रियेची आकृती इंग्रजीत कशी मांडावी: आयईएलटीएसच्या पहिल्या लेखनप्रश्नासाठी सविस्तर मार्गदर्शन

आयईएलटीएस या इंग्रजीचे प्रावीण्य तपासणाऱ्या परीक्षेच्या अकॅडेमिक प्रकारात लेखनाचा पेपर ६० मिनिटांचा असतो आणि त्यात दोन प्रश्न असतात. पहिल्या प्रश्नात, म्हणजे टास्क वनमध्ये, एखादा आलेख, तक्ता, नकाशा किंवा आकृती दिलेली असते आणि तिचे वर्णन किमान १५० शब्दांत करायचे असते. विद्यार्थ्यांचा सराव बहुधा आकडेवारीचाच झालेला असतो. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी स्तंभालेखाऐवजी भट्टी, साचे, सरकता पट्टा आणि बाण समोर आले की चांगली तयारी केलेला विद्यार्थीही गडबडतो. वाढ, घट आणि चढउतार सांगणारी पाठ केलेली शब्दसंपत्ती इथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. मात्र नीट पाहिले तर प्रक्रियेची आकृती आलेखापेक्षा सोपी आहे, कारण कोणता तपशील निवडावा आणि कोणता सोडावा हा प्रश्न इथे फारसा पडत नाही. टप्पे ठरलेले असतात, त्यांचा क्रम ठरलेला असतो, आणि तो क्रम न चुकता, न गाळता, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राहील अशा वाक्यांत सांगणे एवढेच काम उरते.

हे काम जमण्याची किल्ली माझ्या मते एका गोष्टीत आहे. आकृतीतील चित्रे ही नामे असतात आणि त्यांना जोडणारे बाण ही क्रियापदे असतात. नामांना नावे लिहून दिलेली असतात. बाणांवर बहुधा काहीच लिहिलेले नसते. जो विद्यार्थी केवळ चित्रांकडे पाहतो तो 'देन देअर इज अ फर्नेस', 'नेक्स्ट इज द मोल्ड' अशी वाक्ये लिहीत जातो आणि त्याचे वर्णन सामानाच्या यादीसारखे होते. जो बाणांकडे पाहतो त्याला प्रत्येक बाणाशी थांबून विचारावे लागते, की इथे वस्तूचे नेमके काय केले जात आहे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच पुढचे वाक्य.

पहिली चार मिनिटे: काहीही लिहू नये

टास्क वनसाठी सुमारे २० मिनिटे द्यावीत असे प्रश्नपत्रिकेवरच सुचवलेले असते. दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे निबंधाचे, वजन पहिल्याच्या दुप्पट असते, म्हणून ही मर्यादा गांभीर्याने पाळावी. त्या २० मिनिटांतील पहिली चार मिनिटे आकृती वाचण्यासाठी राखून ठेवावीत. घाईमुळे बहुतेकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण टप्प्याचा क्रम चुकला किंवा एखादा बाण नजरेतून सुटला, तर पुढची भाषा कितीही शुद्ध असली तरी उत्तर चुकीचेच राहते.

पुढील सर्व विवेचनासाठी एक आकृती मनात धरू. प्रश्नात लिहिले आहे की आकृती काचेच्या बाटल्या तयार करण्याची प्रक्रिया दाखवते. डावीकडे वाळू, सोडा ॲश आणि चुनखडी अशा तीन साहित्यांची चित्रे आहेत आणि त्यांचे बाण एका मिक्सरकडे जातात. खालच्या बाजूला जुन्या काचेचे चित्र असून तिचा बाण क्रशरमधून त्याच मिक्सरकडे येतो. मिक्सरनंतर भट्टी आहे आणि तिच्यावर १५०० अंश सेल्सिअस असे लिहिले आहे. भट्टीतून आलेल्या वितळलेल्या काचेचे कात्रीने तुकडे होताना दिसतात आणि शेजारी 'एक तुकडा, एक बाटली' अशी नोंद आहे. तुकडा पहिल्या साच्यात पडतो, तिथे त्याला ढोबळ आकार मिळतो. दुसऱ्या साच्यात दाबाखालची हवा फुंकून बाटलीचा अंतिम आकार तयार होतो. पुढे शीतकरण भट्टी आहे, जिच्यावर ५५० अंशांपासून हळूहळू थंड करणे असे लिहिले आहे. त्यानंतर तपासणीचे चित्र आहे आणि तिथून दोन बाण निघतात: एक खोक्यांकडे, तर दुसरा, नाकारलेल्या बाटल्यांचा, मागे वळून क्रशरकडे.

ही आकृती वाचताना प्रथम सुरुवात आणि शेवट शोधावा. आकृती नेहमी डावीकडून उजवीकडे जाईल असे गृहीत धरू नये. काही आकृत्या वर्तुळाकार असतात, तर काहींत मधली रांग उलट दिशेने चालते. त्यानंतर बोट किंवा पेन्सिलीचे टोक प्रत्येक बाणावरून फिरवावे आणि तीन ठिकाणी विशेष थांबावे: जिथे अनेक बाण एकत्र येतात, जिथे एका बाणाचे दोन होतात आणि जिथे बाण मागे वळतो. आपल्या आकृतीत तिन्ही गोष्टी आहेत. मिक्सरपाशी प्रवाह एकत्र येतात, तपासणीपाशी फुटतात आणि नाकारलेल्या बाटल्या मागे जातात. परीक्षक आकृती समजली आहे की नाही हे अशाच जागी पाहतो, कारण सरळ चाललेला क्रम कोणीही सांगू शकतो.

मग टप्पे मोजावेत. मोजताना चित्रे मोजू नयेत, क्रिया मोजाव्यात. मिसळणे, वितळवणे, कापणे, पहिला आकार, दुसरा आकार, थंड करणे, तपासणे आणि बांधणी, असे मुख्य ओळीवर आठ टप्पे होतात. जुनी काच भरडण्याचा टप्पा यात धरायचा का? मी धरणार नाही, कारण तो मुख्य प्रवाहाबाहेर, साहित्याच्या तयारीचा भाग आहे. पण म्हणूनच 'एट स्टेजेस' न लिहिता 'एट मेन स्टेजेस' असे लिहीन. कोणी नऊ मोजले तर तेही चूक नाही. गणना आणि त्यानंतरचे वर्णन एकमेकांशी जुळले पाहिजे, एवढीच अट आहे.

बाणांची क्रियापदे

आता कच्च्या कागदावर प्रत्येक बाणासाठी एक क्रियापद लिहावे. केवळ क्रियापद, वाक्य नव्हे. आपल्या आकृतीसाठी यादी अशी होईल: क्रश, मिक्स, फीड, हीट, मेल्ट, कट, ड्रॉप, शेप, ट्रान्सफर, ब्लो, कूल, इन्स्पेक्ट, पॅक, रिजेक्ट. ही यादी तयार झाली की निम्मे उत्तर तयार झाले असे समजावे.

क्रियापद निवडताना 'पुट', 'सेंड' आणि 'गो' या तीन शब्दांवर सगळा भार टाकण्याचा मोह होतो. ते चुकीचे नाहीत, पण ते प्रक्रियेबद्दल काहीच सांगत नाहीत. इथे मराठी भाषकाला एक चांगली सोय आहे, ती वापरावी. आपल्याकडे भरडणे, दळणे, कुटणे, चाळणे, गाळणे, निवडणे, मळणे असे प्रत्येक क्रियेला वेगळे शब्द आहेत आणि त्यांतील फरक आपल्याला न शिकवता कळतो. आकृती पाहून आधी मराठी शब्द मनात आणावा आणि मग त्याच्या तोडीचा इंग्रजी शब्द शोधावा. कठीण वस्तूचे तुकडे होत असतील तर 'क्रश', त्यांचे पीठ होत असेल तर 'ग्राइंड'. जाळीतून कोरडी वस्तू जात असेल तर 'सीव्ह', द्रवातून गाळ वेगळा होत असेल तर 'फिल्टर'. चांगले-वाईट वेगळे केले जात असेल तर 'सॉर्ट'. यंत्रात साहित्य सतत सोडले जात असेल तर 'फीड इंटू', द्रव ओतला जात असेल तर 'पोअर इंटू', सरकत्या पट्ट्यावरून नेले जात असेल तर 'कॅरी' किंवा 'ट्रान्सपोर्ट'. असे पंचवीसतीस शब्द पक्के असले की बहुतेक सर्व कारखान्यांच्या आकृत्या हाताळता येतात.

आकृतीवर लिहिलेले शब्द वापरावेत की टाळावेत, ही शंका नेहमी विचारली जाते. वस्तूंची आणि यंत्रांची नावे निःसंकोच वापरावीत. 'फर्नेस'ला किंवा 'लाइमस्टोन'ला पर्यायी शब्द शोधण्यात वेळ घालवला तर अर्थ बिघडण्याचीच शक्यता जास्त. परंतु क्रियेचे नाव नामरूपात दिलेले असेल तर त्याचे क्रियापद करावे. आकृतीत 'कूलिंग' असेल तर उत्तरात 'द बॉटल्स आर कूल्ड'. 'इन्स्पेक्शन' असेल तर 'दे आर इन्स्पेक्टेड'. 'स्टोरेज' असेल तर 'इज स्टोअर्ड'. शब्द तोच राहतो, रूप बदलते, आणि व्याकरण आपल्या ताब्यात आहे हे त्यातून आपोआप दिसते.

प्रस्तावना आणि आढावा

प्रस्तावना एका वाक्याची असावी. प्रश्नातील वाक्य जसेच्या तसे उतरवू नये, कारण उतरवलेले शब्द शब्दसंख्येत धरले जात नाहीत. शब्दांचे पर्याय शोधण्याऐवजी वाक्याची रचना बदलणे अधिक सुरक्षित असते. प्रश्नात 'द प्रोसेस ऑफ प्रोड्यूसिंग' असे नामाभोवती फिरणारे वाक्य असेल, तर आपण 'हाउ' वापरून उपवाक्य करावे:

'द डायग्रॅम इलस्ट्रेट्स हाउ ग्लास बॉटल्स आर प्रोड्यूस्ड फ्रॉम थ्री रॉ मटेरियल्स अँड रिसायकल्ड ग्लास.'

यात साहित्य कोणते हेही सांगून झाले आहे, म्हणजे वाक्य केवळ औपचारिकता म्हणून आलेले नाही. 'द गिव्हन डायग्रॅम डिपिक्ट्स द इन्फर्मेशन अबाउट' अशी पाठ केलेली सुरुवात परीक्षक ओळखतो, ती टाळावी.

पुढचा परिच्छेद आढाव्याचा, ज्याला परीक्षेच्या भाषेत 'ओव्हरव्ह्यू' म्हणतात. उत्तराचे मूल्यमापन चार निकषांवर होते आणि चारही निकषांचे वजन सारखे असते: प्रश्नाची पूर्तता, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. पहिल्या निकषात सात बँडसाठी (बँड म्हणजे या परीक्षेतील गुणांची पातळी) मुख्य टप्प्यांचा स्पष्ट आढावा असणे ही लेखी अपेक्षा आहे. तरीही प्रक्रियेच्या आकृतीत हा परिच्छेद सर्वांत जास्त वेळा गाळला जातो, कारण इथे 'सर्वांत मोठे', 'सर्वांत लहान' असे सांगण्यासारखे काही नसते आणि मग काय लिहावे हे सुचत नाही.

आढाव्यात तीन गोष्टी सांगाव्यात. मुख्य टप्पे किती आहेत, प्रक्रिया कशाने सुरू होऊन कशाने संपते, आणि तिचा एकूण आकार कसा आहे, म्हणजे ती सरळ रेषेत जाते, वर्तुळात फिरते की मध्येच मागे वळते. तापमान, वेळ, यंत्रांची नावे असा कोणताही बारीक तपशील इथे येऊ देऊ नये. आपल्या आकृतीचा आढावा असा होईल:

'ओव्हरऑल, देअर आर एट मेन स्टेजेस, बिगिनिंग विथ द मिक्सिंग ऑफ द इन्ग्रेडियंट्स अँड एंडिंग विथ द पॅकिंग ऑफ द फिनिश्ड बॉटल्स. द प्रोसेस इज लार्जली लिनिअर, ऑल्दो बॉटल्स विच फेल द इन्स्पेक्शन आर रिटर्न्ड टू ॲन अर्लिअर स्टेज.'

दुसऱ्या वाक्याकडे लक्ष द्यावे. प्रक्रिया 'लिनिअर' आहे असे म्हणून लेखक थांबलेला नाही. मागे जाणारा बाण त्याने पाहिला आहे आणि 'ऑल्दो' वापरून तो अपवाद नोंदवला आहे. पहिले वाक्य जवळजवळ कोणत्याही आकृतीला थोडा बदल करून लावता येते. दुसरे वाक्य मात्र याच आकृतीचे आहे, आणि आढाव्याचे खरे मोल त्यातच आहे.

आढावा प्रस्तावनेनंतर लिहावा की शेवटी, याबद्दल परीक्षेचा कोणताही नियम नाही. मी तो प्रस्तावनेनंतरच लिहिण्याचा आग्रह धरतो, कारण वेळ संपत आला तर शेवटचा परिच्छेद तोकडा राहतो आणि तो परिच्छेद आढाव्याचा असणे परवडणारे नसते. एकदा आढावा लिहिला की शेवटी निष्कर्ष लिहिण्याची गरज उरत नाही. ही पद्धत उपयुक्त आहे किंवा पर्यावरणाला पूरक आहे असे स्वतःचे मत तर मुळीच लिहू नये.

मुख्य परिच्छेद

वर्णनाचे दोन परिच्छेद करावेत आणि ते कुठे तोडायचे हे विचार करून ठरवावे. आठ टप्प्यांचे चार-चार असे गणिती भाग करण्यापेक्षा वस्तूचे स्वरूप जिथे बदलते तिथे तोडणे चांगले. आपल्या आकृतीत पहिल्या भागात काच हा एक पदार्थ आहे, तर दुसऱ्या भागात त्याची बाटली होते. म्हणून तुकडे कापले जाईपर्यंतचा पहिला परिच्छेद:

'इन द फर्स्ट स्टेज, सँड, सोडा ॲश अँड लाइमस्टोन आर मिक्स्ड विथ क्रश्ड रिसायकल्ड ग्लास. द मिक्स्चर इज देन फेड इंटू अ फर्नेस, व्हेअर इट इज हीटेड टू १५०० डिग्रीज सेल्सिअस अनटिल इट मेल्ट्स. वन्स मोल्टन, द ग्लास इज कट इंटू पीसेस, ईच ऑफ विच मेक्स वन बॉटल.'

आणि त्यानंतरचा दुसरा:

'ईच पीस इज ड्रॉप्ड इंटू अ मोल्ड, इन विच इट इज गिव्हन अ रफ शेप. इट इज देन ट्रान्सफर्ड टू अ सेकंड मोल्ड अँड ब्लोन इंटू इट्स फायनल फॉर्म विथ कंप्रेस्ड एअर. हॅविंग बीन शेप्ड, द बॉटल्स पास थ्रू अ कूलिंग ओव्हन, व्हेअर देअर टेंपरेचर इज लोअर्ड स्लोली फ्रॉम ५५० डिग्रीज सेल्सिअस. आफ्टर धिस, दे आर इन्स्पेक्टेड. दोज विदाउट डिफेक्ट्स आर पॅक्ड फॉर डिलिव्हरी, व्हाइल द रिजेक्टेड वन्स आर क्रश्ड अँड मिक्स्ड विथ द रॉ मटेरियल्स अगेन.'

चारही परिच्छेद मिळून साधारण १७५ शब्द होतात. १५० ही खालची मर्यादा आहे. १७० ते १९०च्या दरम्यान थांबले तर सर्व टप्पे बसतात आणि निबंधाचा वेळही खाल्ला जात नाही. संगणकावर परीक्षा देणाऱ्यांना शब्दसंख्या पडद्यावर दिसते. कागदावर लिहिणाऱ्यांनी मात्र आपल्या हस्ताक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात हे आधीच मोजून ठेवावे, म्हणजे ओळी मोजून अंदाज येतो.

या उत्तरात काय लिहिलेले नाही, याकडेही पाहावे. काच घाईने थंड केली तर तिच्यात अंतर्गत ताण राहतो आणि ती तडकू शकते, म्हणून तिला सावकाश थंड करतात, हे अनेकांना ठाऊक असते. तरीही ते उत्तरात आलेले नाही, कारण ते आकृतीत नाही. विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकलेल्या विद्यार्थ्यांना हा संयम विशेष जड जातो. प्रश्न काचेच्या ज्ञानाचा नाही. समोर दिलेली माहिती अचूक सांगता येते का, याचा आहे.

कर्मणी प्रयोग, आणि तो कुठे नको

कारखान्यातील प्रक्रियेत काम कोण करतो हे महत्त्वाचे नसते, वस्तूचे काय होते हे महत्त्वाचे असते. म्हणून अशा वर्णनात साध्या वर्तमानकाळातला कर्मणी प्रयोग, म्हणजे 'इज मिक्स्ड', 'आर पॅक्ड' ही रूपे, मुख्य असतात. 'बाय द वर्कर्स' असे कर्त्याचे नाव आकृतीत माणसे काम करताना दाखवली असतील तरच घ्यावे, आणि तेही एकदाच. आकृती एखाद्या जुन्या काळातील पद्धतीची असेल आणि तसे प्रश्नात लिहिले असेल, तर काळ भूतकाळाचा होतो; इतर सर्व वेळी वर्तमानकाळ सोडू नये.

पण प्रत्येक क्रियापद कर्मणी करणे ही उलट बाजूची चूक आहे, आणि ती टाळण्यासाठी मराठीचाच आधार घेता येतो. मराठीत वितळणे आणि वितळवणे, वाळणे आणि वाळवणे, सुकणे आणि सुकवणे अशा जोड्या आहेत. वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे. 'मिश्रण वितळवले जाते' असे म्हणायचे असेल तर इंग्रजीत 'इज मेल्टेड'. 'मिश्रण वितळते' असे म्हणायचे असेल तर 'मेल्ट्स'. इंग्रजीत या दोन्हींसाठी क्रियापद एकच असल्यामुळे गोंधळ होतो, पण मराठी कानाला फरक लगेच जाणवतो. याच कसोटीने 'इज हॅपन्ड', 'इज ऑकर्ड', 'इज केम' ही अशुद्ध रूपेही गाळून निघतात, कारण घडणे आणि येणे या क्रिया आपोआप होणाऱ्या आहेत. वरच्या नमुन्यात 'मेल्ट्स', 'मेक्स' आणि 'पास थ्रू' ही कर्तरी रूपे मुद्दाम ठेवली आहेत. त्यामुळे वाक्यांचा एकसुरीपणाही मोडतो.

एकसुरीपणाचे दुसरे कारण म्हणजे जोडशब्द. आपण गोष्ट सांगताना 'मग... मग...' म्हणतो, त्याचे इंग्रजीत 'देन... देन...' होते. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'नेक्स्ट', 'आफ्टर दॅट', 'सबसिक्वेंटली' असे वेगवेगळे शब्द बसवले की सुसंगती साधली असे अनेकांना वाटते, पण त्यातून केवळ शब्दांची अदलाबदल दिसते. खरा सांधा वाक्याच्या आत असतो. 'अ फर्नेस, व्हेअर इट इज हीटेड' यातील 'व्हेअर' दोन टप्पे एका वाक्यात गुंफतो. 'वन्स मोल्टन', 'हॅविंग बीन शेप्ड', 'बिफोर बीइंग पॅक्ड' या रचना आधीचा टप्पा संपल्याचे सांगून पुढच्याला हात देतात. दोन बाण फुटतात तिथे 'व्हाइल', दोन क्रिया एकाच वेळी चालतात तिथे 'ॲट द सेम टाइम'. 'ॲट लास्ट' मात्र शेवटच्या टप्प्यासाठी कधीही वापरू नये. त्याचा अर्थ बरीच वाट पाहिल्यानंतर एकदाचे झाले असा होतो. तिथे 'फायनली' हाच शब्द योग्य.

मराठीतून इंग्रजीत उतरणाऱ्या चुका

काही चुका अशा आहेत की त्यांचे मूळ इंग्रजीच्या अज्ञानात नसून मराठीच्या सवयीत आहे, आणि म्हणून त्या चांगल्या विद्यार्थ्यांकडूनही होतात. त्यांतील सर्वांत चिवट चूक 'अनटिल'ची. मराठीत आपण 'मिश्रण वितळत नाही तोपर्यंत तापवतात' असे म्हणतो, आणि त्यातला 'नाही' इंग्रजीत येऊन 'अनटिल इट डज नॉट मेल्ट' असे लिहिले जाते. इंग्रजीत 'अनटिल'मध्ये तो नकार नको असतो. 'अनटिल इट मेल्ट्स' एवढेच लिहावे.

दुसरी चूक उद्देश सांगताना होते. 'वितळवण्यासाठी' या शब्दाचे 'फॉर मेल्टिंग' असे रूपांतर सहज होते. 'द मिक्स्चर इज हीटेड फॉर मेल्टिंग' हे वाक्य खटकते. 'द मिक्स्चर इज हीटेड टू मेल्ट इट' किंवा 'सो दॅट इट मेल्ट्स' असे लिहावे.

तिसरी 'ने' या प्रत्ययाची. हवेने फुंकतात, कात्रीने कापतात, यंत्राने भरतात, अशा सर्व ठिकाणी आपल्याला एकच 'ने' पुरतो. इंग्रजीत हातात धरायच्या किंवा वापरायच्या साधनासाठी 'विथ' आणि क्रिया करणाऱ्यासाठी 'बाय' असा ढोबळ भेद पाळावा: 'कट विथ शिअर्स', पण 'फिल्ड बाय अ मशीन'. तापमानाच्या बाबतीत तर शब्दयोगी अव्ययाने अर्थच बदलतो. 'हीटेड टू १५०० डिग्रीज' म्हणजे त्या तापमानापर्यंत पोहोचवले. 'केप्ट ॲट १५०० डिग्रीज' म्हणजे त्या तापमानावर ठेवले. 'हीटेड बाय ५० डिग्रीज' म्हणजे आहे त्यापेक्षा ५० अंशांनी वाढवले. कालावधीसाठी 'फॉर' येतो: 'ड्राइड फॉर टू डेज'.

चौथी गोष्ट उपपदांची. मराठीत उपपदे नसल्याने ती गळतात किंवा नको तिथे लागतात. प्रक्रियेच्या वर्णनापुरता एक साधा नियम जवळजवळ सर्वत्र चालतो. यंत्र किंवा वस्तू पहिल्यांदा आली की 'अ', पुन्हा आली की 'द': 'इंटू अ फर्नेस', नंतर 'द फर्नेस'. मोजता न येणाऱ्या पदार्थाला पहिल्या वेळी काहीच लावू नये: 'सँड', 'वॉटर', 'स्टीम'. 'ग्लास' हा पदार्थ असेल तर त्याला 'अ' लागत नाही. 'अ ग्लास' म्हणजे पाणी पिण्याचा पेला होतो आणि कारखान्याचे वर्णन भलतीकडे जाते.

अनेकवचनाचा मेळही तपासावा. 'सँड, सोडा ॲश अँड लाइमस्टोन' हे तीन पदार्थ असल्यामुळे 'आर मिक्स्ड'. त्यांचे 'मिक्स्चर' झाले की ते एक, म्हणून 'इज फेड'. हा बदल दोन लागोपाठच्या वाक्यांत होत असल्याने घाईत सुटतो.

शेवटची तीन मिनिटे आणि घरचा सराव

लिहून झाल्यावर तीन मिनिटे हाताशी ठेवावीत. या वेळात भाषा सुशोभित करत बसू नये. प्रथम आकृतीतील प्रत्येक बाण आपल्या उत्तरात सापडतो का ते पाहावे आणि सापडलेल्या बाणावर मनातल्या मनात खूण करत जावे. मग प्रत्येक क्रियापदापुढचे 'इज' किंवा 'आर' तपासावे, त्यानंतर क्रियापदाचे तिसरे रूप: 'ब्लोन', 'फेड', 'कट', 'ग्राउंड'. यांतील 'ग्राउंड' हे 'ग्राइंड'चे रूप आहे हे अनेकांच्या ध्यानात नसते आणि ते 'ग्राइंडेड' असे लिहितात. उत्तर पूर्ण वाक्यांतच असले पाहिजे. मुद्दे पाडून किंवा क्रमांक घालून लिहिलेले उत्तर गुण गमावते.

घरी सराव करताना सुरुवातीचा आठवडाभर पूर्ण उत्तरे लिहू नयेत. रोज एक आकृती घ्यावी, तिच्यातील बाणांची क्रियापदे काढावीत आणि त्यांवरून प्रक्रिया तोंडी, मोठ्याने, इंग्रजीत सांगावी. बोलताना जिथे अडते तिथेच लिहिताना अडणार असते, त्यामुळे कोणती क्रियापदे शिकायची हे आपोआप कळते. दुसऱ्या आठवड्यापासून केवळ प्रस्तावना आणि आढावा लिहावा, वेगवेगळ्या आकाराच्या आकृत्यांसाठी: सरळ, वर्तुळाकार, दोन समांतर रांगांच्या. त्यानंतरच घड्याळ लावून २० मिनिटांचे संपूर्ण उत्तर लिहावे.

उत्तर बरे झाले की नाही हे ठरवण्याची जी पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते, तिला शिक्षकाचीही गरज लागत नाही. आपले उत्तर अशा मित्राला किंवा मैत्रिणीला द्यावे, जिने मूळ आकृती पाहिलेली नाही, आणि केवळ वाचून आकृती काढायला सांगावे. चित्रे सुबक नसली तरी चालतील. चौकोन आणि बाण पुरेत. मग ती आकृती मूळ आकृतीशेजारी ठेवावी. एखादा बाण कमी पडला असेल, नाकारलेल्या बाटल्या क्रशरऐवजी थेट भट्टीत गेल्या असतील, किंवा चार साहित्यांतील एखादे हरवले असेल, तर उत्तरातील नेमके कोणते वाक्य पुन्हा लिहायचे आहे ते तिथेच दिसते.